वरून सुकलेलं

पानेवेझिसच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
दह्याच्या वाट्यांची झाकणं छापतो आम्ही.
वर्खासारख्या पातळ पत्र्यावर
एक निळी गाय, खाली तीन बेरी,
मिनिटाला दीडशे मीटर.

ही शाई वाळत नाही.
वाळणं म्हणजे काहीतरी उडून जाणं,
आणि हिच्यात उडून जाण्यासारखं काही नसतंच.
ती ओलीच येते दिव्याखाली.
जांभळ्याच्याही पलीकडच्या, न दिसणाऱ्या उजेडात
एक लहानसा रेणू तडकतो,
तडकता तडकता शेजाऱ्याला धरतो,
शेजारी त्याच्या शेजाऱ्याला,
आणि पापणी लवायच्या आत
सगळी गर्दी एकमेकांत अडकून
जागच्या जागी थिजते.
म्हणजे, थिजायला हवी.

नोव्हेंबरातल्या त्या रात्री
मी गाईवर अंगठा दाबून पिळला.
डाग नाही.
चिकटपट्टी लावून खसकन ओढली,
गाय जागेवर.
बाहेर विताउतासचा ट्रक धूर काढत उभा.
तो हॉर्न वाजवत नाही कधी,
नुसता काचेतून बघत बसतो,
ते जास्त वाईट.

दांगुओले आली तपासणीच्या खोलीतून,
चष्मा कपाळावर, हातात
द्रावणात भिजलेला कापसाचा बोळा.
झाकण घेतलं आणि घासायला लागली,
ओठांतल्या ओठांत मोजत.
तिसापर्यंत गाय उभी होती.
चाळिसाला कापूस निळा झाला.

मी म्हणालो, घरी कोण घासतंय चाळीस वेळा?
फार तर झाकण चाटतात.
ती म्हणाली, चाटतात ना.

मग रिळाची कड उलगडून दाखवली.
प्रत्येक वेढ्यातली गाय
पुढच्या वेढ्याच्या उघड्या अंगाला
गाल टेकून झोपलेली.
ते उघडं अंग दह्याकडचं.
मला तिथे काहीच दिसेना.
तिने संध्याकाळपासून बंद ठेवलेली बरणी
माझ्या नाकाशी उघडली.
कडू बदाम. आणि त्यामागे
नव्या बाहुलीच्या पोटातला वास.

दिवा उघडला आम्ही.
तास मोजणारा आकडा केव्हाच पुढे गेलेला,
आरशावर राखाडी साय धरलेली.
पण डोळ्याला तो कालच्याइतकाच लख्ख होता,
कारण जे आटलं होतं
ते आमच्या डोळ्यांच्या हिशेबात नव्हतंच कधी.

नवी नळी बसवताना, हातमोजे घालून,
ती आईबद्दल बोलली.
पालांगाला, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर
आई टेबल मांडून अंबर विकायची.
कुणी नवा खडा आणला की आधी
ॲसिटोनचा बोळा फिरवायची.
कोट्यवधी वर्षं मुरलेली राळ
त्याला दाद देत नाही,
कोवळी असेल तर बोटाला चिकटते.
मामाने एकदा मधाळ रंगाचा खडा आणला,
आत एक डास, पाय उचललेला,
अख्ख्या टेबलावर तसा दुसरा नव्हता.
चिकटला.
आईने तो शेवटपर्यंत
स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला,
विकला नाही.

अकरा हजार मीटर गाई
त्या रात्री भंगाराच्या पिंजऱ्यात गेल्या.
विताउतास रिकामाच वळला, आता मात्र हॉर्न वाजवून.
नव्या दिव्याखालची झाकणं
दांगुओलेने तेलात बुडवून
उबदार कपाटात ठेवली, दहा दिवस,
आणि दारावर चिठ्ठी लावली:
मांतविदास, उघडू नकोस.
मांतविदास म्हणजे मी.

घरी आलो तेव्हा आठ वाजले होते
आणि अजून अंधारच होता.
रुगिले टेबलाशी, ओठांवर पांढरी मिशी,
हातात झाकण, जीभ बाहेर.
हिरवी गाय, दुसऱ्या कुठल्या कारखान्याची.
मी झाकण घेतलं,
दिव्याखाली धरलं, हुंगलं,
गाईवर अंगठा टेकवून पिळला.

बाबा, ते माझं आहे,
ती म्हणाली, आणि हात पुढे करून
थांबली.